बारा मिनिटांची गाडी

कांतीशेठ गाडीचं दार डोळे मिटून लावायचा. एकदाच लावायचा, आणि देवळातल्या घंटेचा शेवटचा नाद ऐकावा तशी मान कलती करून उभा राहायचा. तेव्हा हायवेवर ट्रकवाले बेंबीच्या देठापासून हॉर्न देत असत, एसटी स्टँडवर नाशिक-नाशिक चाललेलं असे, समोर माझ्या हॉटेलात तर्रीवरून कुणीतरी कुणाच्या तरी अंगावर धावून गेलेलं असे. शेठला फक्त दार ऐकू यायचं. मग डोळे उघडून तो निकाल द्यायचा. "घ्या," नाहीतर "नका घेऊ." वर चर्चा नाही.

डिंगोऱ्याच्या एकाच्या गाडीचं डावीकडचं दार त्याने असंच लावलं, ऐकलं आणि म्हणाला, "पावणं, गाडी चांगली हाय. पन ह्या बाजूला बसणारं माणूस रोज रागानं दार आपटतंय. घरात जरा गोड बोला." तो माणूस जागच्या जागी पांढरा पडला. बायको तीन महिने माहेरी जाऊन बसली होती. तीन महिने नसतील, तीन आठवडे असतील. मला वाढवून सांगायची खोड आहे आणि आळेफाट्यावर ती सगळ्यांना ठाऊक आहे. पण दार खरं होतं आणि माहेरही खरं होतं.

पुढचं मात्र मला वाढवून सांगता येत नाही. प्रयत्न करून पाहिला.

नाशिक, नगर, कल्याण आणि पुणे, चारी रस्ते जिथे एकमेकांच्या अंगावर येतात, तिथे शेठचं स्पेअर पार्टचं दुकान. आजोबा राजस्थानातून आले ते इथलेच झाले. शेठ घरात मारवाडी बोलायचा, दुकानात फाट्यावरची मराठी, आणि चिडला की दोन्ही एकदम. आम्ही शाळेत एका बाकावर होतो. त्याच्या डब्यात कांदा-लसूण नसायचा आणि माझ्या डब्यात दुसरं काही नसायचं. त्यामुळे भांडण कधी झालं नाही.

गाड्या तो विकत नव्हता. तरी जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत गाडी घ्यायची तर आधी कांतीशेठ, मग पंचांग, मग शोरूम, असा क्रम ठरलेला. गेल्या काही वर्षांत तर सगळ्यांना ती छोटी एसयूव्हीच हवी असायची. उंच पाहिजे, पण दारात मावली पाहिजे. शेतात गेली पाहिजे, पण लग्नात शोभली पाहिजे. मग दोन गाड्यांवर येऊन घोडं अडायचं आणि माणूस मोबाईलमधले फोटो घेऊन शेठपुढे उभा राहायचा.

शेठ मोबाईलकडे बघायचाच नाही. माझ्या हॉटेलातून स्टीलचा ग्लास काठोकाठ ताक भरून मागवायचा. दोन्ही गाड्या ट्रायलला आणायला लावायचा. ग्लास डॅशबोर्डवर ठेवून ओतूरच्या बाजूला एक फेरी. जिच्यात ताक कमी सांडेल तिला एक मार्क. उरलेलं ताक शेठ प्यायचा, हीच त्याची फी. पण खरी परीक्षा पुढे असायची. घरातली सगळ्यात म्हातारी बाई आणायला सांगायचा.

"गाडी चालवणाराची नसती रे," तो म्हणायचा. "जिला चढायला सगळ्यात जास्ती तरास होतो, तिची असती."

पिंपरी पेंढारचा सदूभाऊ, माझ्याच गावचा, त्याला टपावर काच असलेली गाडी हवी होती. बटण दाबलं की छत उघडतं आणि आभाळ दिसतं. दुसरी साधी होती, बिनकाचेची.

"सदूभाऊ, आभाळ कशाला बघायचंय?" शेठने विचारलं.

"पोरं उभी राहत्यात त्यातनं. हात हलवत्यात."

"इलेक्शनला उभी राहत्यात का काय?"

"शेठ, लई झाक दिसतं हो."

"आईला आण."

सदूभाऊची आई आली. नऊवारी सावरून काचवालीत चढायला गेली आणि डोकं असं आपटलं की माझ्या हॉटेलातल्या गिऱ्हाइकांनी पाव खाली ठेवले. त्या काचेपायी छत चार बोटं खाली आलेलं. मग त्या माउलीने सदूभाऊच्या, शोरूमच्या आणि त्या आभाळाच्या नावाने जे तोंड सोडलं, ते पार नारायणगावपर्यंत ऐकू गेलं असणार. सदूभाऊने साधी घेतली. अजून वापरतो. आई आठवड्यातून दोनदा तिच्यातून लेकीकडे जाते.

अशा शंभर गाड्या शेठने ठरवल्या असतील. मी हजार सांगतो. त्याच्या स्वतःकडे मात्र जुनी व्हॅन होती. तिच्या आत बसल्यावर डब्यात चणे घालून हलवल्यासारखा आवाज यायचा. कुणी विचारलं तर म्हणायचा, "मला कुठं जायचंय? दुकानाच्या वरच घर हाय."

मग ताराभाभीच्या किडन्या गेल्या.

भाभी म्हणजे शेठची बायको. लहान चणीची, आवाज हळू, पण शब्द टोकदार. पजुसणात, म्हणजे जैनांच्या पर्युषणात, आठ दिवस नुसत्या उकळलेल्या पाण्यावर राहून नवव्या दिवशी पारण्याचं जेवण स्वतः रांधणारी बाई. सूर्य मावळला की अन्न बंद, पाणीही बंद. हा चौविहार त्या लग्नाआधीपासून पाळत आल्या होत्या. दुखणं आल्यावर डॉक्टर म्हणाले, आठवड्यातून तीनदा डायलिसिस. जवळपास कुठे नंबर लागेना, शेवटी मंचरला लागला. दुपारी बारा ते चार. मशीनवरून उतरून, हाताची पट्टी घट्ट करून बाहेर पडेपर्यंत पावणेपाच.

आणि दिवस थंडीचे. सहाच्या आधीच सूर्य डोंगराआड.

डॉक्टरांनी बजावलं होतं, उपाशी ठेवू नका. मशीनवरून उतरल्यावर भाभींना मळमळायचं. गाडीत घास घेतला की बाहेर यायचा. डबा नेऊन पाहिला, लिंबू नेऊन पाहिलं, काही चाललं नाही. घरी येऊन दहा-पंधरा मिनिटं आडवं पडलं की मगच दोन घास खिचडी उतरायची. ते दोन घास सूर्याच्या आत उतरायला हवे होते. व्हॅनने ते जमेना. पहिल्या पंधरवड्यात चार वेळा भाभी तशाच झोपल्या. शेठ सकाळी दुकान उघडायचा तेव्हा त्याचं तोंड बघवत नसे.

"दत्त्या," एक दिवस तो मला म्हणाला, "गाडी घ्यायचीय."

इतकी वर्षं दोन तालुक्यांच्या गाड्या ताकाच्या एका ग्लासावर ठरवणारा हा माणूस स्वतःच्या गाडीला महिनाभर अडला. दोन गाड्या उरल्या होत्या. एक पांढरी, एक लाल. पांढरीचं सस्पेन्शन मऊ, खड्डा आला तरी कळू न देणारं. पण अंगाने सुस्त, पुढच्या ट्रकला मागे टाकायचं तर अर्ज करावा लागेल अशी. लाल गाडी चपळ, पाय ठेवला की निघालीच, पण कडक.

"सदूभाऊच्या आईला बसवलंस तसं भाभींना बसव," मी म्हणालो.

"नको. तिला मंचरच्या वाऱ्या काय कमी हायेत? ट्रायलला हिंडवून अजून दमवू? तू चल."

"मी?"

"तू मागं बस. डावीकडं. भाभी म्हणून बस."

मी तेव्हा नव्वद किलो होतो. हे वाढवलेलं नाही. उलट दोन-तीन किलो माझ्या बाजूने कमी धरलेत. शोरूमचा माणूसही पैलवानासारखा, तो माझ्याशेजारी बसला. मंचरच्या दवाखान्याच्या फाटकापासून शेठच्या जिन्यापर्यंत, आधी पांढरी. एक तास दोन मिनिटं. ताक एक थेंब सांडलं नाही. दुसऱ्या दिवशी लाल, त्याच वेळेला. पन्नास मिनिटं. ताक थोडं सांडलं, डॅशबोर्ड पुसून घ्यावा लागला.

जिन्याशी गाडी उभी करून शेठने मागे वळून विचारलं, "हादरे बसले का रे?"

दुपारी मी हॉटेलात पोटभर जेवून निघालो होतो. कळंब सोडल्यानंतरचं मला काही आठवत नव्हतं.

"हादरे? लोण्यावर बसल्यासारखं वाटलं राव!" मी म्हणालो. "झोपाळ्यावर पन इतकं बरं वाटत न्हाई."

शेठने खिशातून पंचांगाचं पान काढून सूर्यास्ताची वेळ बघितली.

"बारा मिनिटं," तो म्हणाला. "बारा मिनिटांत खिचडी व्हती."

लाल गाडी तयार होती, चार दिवसांत दारात आली. भाभींनी चाकाखाली नारळ ठेवला, कुंकवाचं बोट लावलं आणि मागे डावीकडे बसून मंचरला गेल्या. परतताना सूर्य शिल्लक होता. भाभी जेवल्या. शेठने रस्त्यापलीकडून मला ओरडून सांगितलं, "दत्त्या, जेवली रे!" मी सगळ्या हॉटेलाला चहा पाजला.

तिसऱ्या फेरीला मी सोबत गेलो. पुढे बसलो होतो. नारायणगावच्या अलीकडे रस्त्याचं काम चालू होतं, खडी उकरलेली. गाडी तिच्यावर चढली आणि मी सहज मागे पाहिलं. तव्यावर लाही उडावी तशा भाभी सीटवरून उडत होत्या. एका हाताने वरचं हँडल धरलेलं, पट्टी बांधलेला दुसरा हात पोटाशी घेतलेला, ओठ आत ओढलेले. शेठने माझं बघणं बघितलं आणि आरसा हलवून मागे पाहिलं.

हा माणूस जन्मभर स्प्रिंगा विकत आलेला. कडक गाडी वजनाने दबते आणि वजन नसलं की उडवते, हे त्याने झोपेतसुद्धा सांगितलं असतं. लाल गाडीची परीक्षा त्याने मागच्या सीटवर दोन रेडे बसवून घेतली होती. भाभींचं वजन सदतीस किलो होतं.

त्याच आठवड्यात त्याने पांढरी बुक केली. पांढरीला साडेतीन महिन्यांची वेटिंग. तोवर काय? तोवर शेठने जे केलं ते फाट्यावरच्या लोकांनी आधी हसून आणि मग मान खाली घालून पाहिलं. दुकानातले टेम्पोचे जुने ब्रेक ड्रम काढून तो लाल गाडीच्या डिकीत भरू लागला. मागचा भाग जड झाला की स्प्रिंगा दबतील, गाडी मऊ होईल. पाच ड्रम भरले. गाडी खरंच मऊ झाली. पण तिची चपळाई गेली आणि सूर्य हातचा निसटू लागला. मग तीन ड्रम. मग चार. रोज मंचरला निघायच्या आधी शेठ डिकी उघडून उभा. आज सूर्यास्त किती वाजता, रस्ता कुठे उकरलाय, भाभींची पाठ कशी आहे. एक ड्रम आत, एक बाहेर. साठीतला माणूस, घामाने सदरा पाठीला चिकटलेला.

"शेठ, मी उचलतो," मी म्हणायचो.

"राहू दे. तुला वजनाचं कळत न्हाई," तो म्हणायचा.

ते मला लागायचं. लागावं म्हणून तो बोलत नव्हता, म्हणून जास्त लागायचं.

एका दुपारी, मंचरची पाळी नव्हती त्या दिवशी, मी भाभींना बघायला वर गेलो. त्या खिडकीशी बसल्या होत्या. खाली शेठ ड्रमांवरचं तेल पुसत होता.

"दत्तूभाऊ, बघा तुमचे मित्र," त्या म्हणाल्या. "बायकोपेक्षा ड्रमांना जास्त जपतात."

"भाभी, पांढरी येईल आता."

"येऊ द्या." बोलायलाही त्यांना श्वास गोळा करावा लागायचा. "आठ-आठ दिवस उपाशी राहिलेली बाई मी. एका संध्याकाळी नाही जेवले तर मला काय होतंय? पोटाचं मला काही नव्हतंच. पाठ दुखत होती. मला कुणी विचारलं असतं तर सांगितलं असतं, सावकाश न्या."

"शेठला सांगू का?"

"नका सांगू. मी जेवले की ते जेवतात. त्यांच्यापायी मी घास गिळते." मग त्या खाली बघून हसल्या. "त्यांना वाटतं माझं व्रत. इथं नवऱ्याला जेवू घालायचं चाललंय."

मी खाली आलो. सांगितलं नाही. त्या बाईने विश्वासाने सांगितलेलं, म्हणून गप्प राहिलो, असं मी स्वतःला समजावलं. दोन तालुक्यांत नसलेल्या गोष्टी पिकवणारा मी, एक असलेली गोष्ट सांगायला माझं तोंड उघडलं नाही.

पौषात एकदा नारायणगावजवळ टोमॅटोचा टेम्पो उलटला. रस्ता तासभर बंद. गाडीत आम्ही तिघं. शेठ उतरून पुढे जाऊन पोलिसाला हात जोडून आला, ट्रकवाल्यांना शिव्या देऊन आला, परत येऊन बसला आणि डावीकडे बघत राहिला. सूर्य डोंगराला टेकला. भाभी मागून म्हणाल्या, "अहो, तिकडं काय बघताय? माझ्याकडं बघा जरा." तो वळला नाही. सूर्य पुरता गेल्यावर त्याने स्टिअरिंगवर कपाळ टेकलं. भाभींनी मागून त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तो हात पोहोचायला त्यांना सीटच्या टोकाला सरकावं लागलं.

त्यानंतर पंधरा दिवसांनी भाभी गेल्या. मंचरला, मशीनवरच, दुपारी दोन वाजता. बाहेर लख्ख ऊन होतं.

शोरूममधून फोन आला तेव्हा शेठ दुकानात बसला होता आणि मी समोर. फोन स्पीकरवर होता. "अभिनंदन सर! तुमची पांढरी गाडी वेळेआधी आली."

"दुसऱ्या कुणाला द्या," शेठ म्हणाला. "पन देण्याआधी विचारा, घरात सगळ्यात हलकं माणूस कोन हाय."

पलीकडच्याला काही कळलं नाही. शेठने फोन ठेवला आणि मला म्हणाला, "त्या दिवशी तू झोपला व्हतास ना?"

मी मान हलवली.

"मला आरशात दिसत व्हतं. तोंड उघडं टाकून घोरत व्हतास."

"मग बोलला का न्हाईस? मला खोटं का पाडलं न्हाईस?"

"मला तेच ऐकायचं व्हतं," तो म्हणाला. "बारा मिनिटं दिसत व्हती मला. तू लोणी म्हणालास, मी लोणी घेतलं."

त्याने मला एवढं बोलून सोडवलं की बांधलं, मला आजही सांगता येत नाही. मी उठून हॉटेलात आलो आणि त्या दिवशी कुणालाच काही सांगितलं नाही. गिऱ्हाइकांना वाटलं मला ताप आहे.

त्यानंतर गाडी विचारायला येणाऱ्यांना शेठ हात जोडायचा. "मला न्हाई कळत भाऊ," म्हणायचा. लोकांना ती नम्रता वाटायची. दुकान अर्धं उघडं असे, दुपारी बंद. अंगावरचं मांस कुठे गेलं कुणास ठाऊक. मानेत सदरा टांगल्यासारखा दिसायचा. शेवटी पुण्याहून त्याचा मुलगा नीलेश आला आणि म्हणाला, पप्पा, आता माझ्याकडे.

निघायच्या सकाळी मी रस्ता ओलांडून गेलो. बॅगा लाल गाडीच्या डिकीत ठेवायच्या होत्या. मी डिकी उघडली. आत काही नव्हतं. नीलेश चालवायला बसला. पुढचं दार त्याने शेठसाठी उघडून धरलं होतं. शेठ त्या दारावरून पुढे गेला आणि मागे डावीकडे जाऊन बसला. मालक मागे बसलेला मी त्या गाडीत पहिल्यांदा पाहिला.

"पोचलास की फोन कर," मी म्हणालो.

"करतो. खाणं जरा कमी कर दत्त्या."

माझ्या हॉटेलापुढे ग्रामपंचायतीने नुकताच एक गतिरोधक घातला होता, पांढरे पट्टेही अजून मारले नव्हते. नीलेशला तो दिसला नाही. गाडी तशीच त्याच्यावर गेली आणि मागच्या काचेतून मला शेठचं डोकं एकदम वर गेलेलं दिसलं, मग खाली. नीलेशने वेग कमी केला. शेठने काचेतून वळून माझ्याकडे पाहिलं.

मी हात वर केला. त्याने केला नाही. त्याच्या दोन्ही हातांनी पुढची सीट घट्ट धरलेली होती.